म्युनिकची एक अप्रसिद्ध वाद्यमंडळी



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील, आणि त्यांचा काही दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्ञानेश्वरी, राज्यघटना, विदर्भातील सिंचन अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत एका जर्मन रॉक बँडचे पान मांडलेले दिसले, तर यजमानांची काही चूक तर झाली नाही ना, अशी शंका यावयाचीच. त्यातून बँड म्हटला की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो वरातीपुढचा बँड: लाल डगले, पितळी कर्णे आणि नवरदेवाच्या मित्रांनी अडवून धरलेला रस्ता. हा बँड त्या जातीचा नव्हे. विजेवर वाजणारी गिटार, खालच्या सुरात तिला टेकू देणारी बेस गिटार आणि ढोल-झांजांचा एका माणसाने वाजवायचा संच, एवढ्या सामग्रीवर इंग्लंड-अमेरिकेतील तरुणांनी जे जोरकस संगीत उभे केले त्याला 'रॉक' म्हणतात, आणि ते वाजवणाऱ्या पाच-सहा जणांच्या मंडळीला 'बँड'.

आम्ही ज्या मंडळीविषयी बोलणार आहोत तिचे नाव 'एम्ब्रियो'. जर्मनीतील म्युनिक शहरी १९६९ साली ती स्थापन झाली. तिचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. खुद्द जर्मनीतही ते घरोघरी ठाऊक आहे असे नाही. मग अशा अप्रसिद्ध मंडळीचा इतिहास येथे, नागपुरात, कशासाठी सांगायचा? त्याचे कारण आरंभीच सांगून टाकतो. या मंडळीने १९७७ साली एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यावर तालवाद्ये वाजवली आहेत त्रिलोक गुर्टू या मुंबईकर तरुणाने, आणि तिच्यात एक कंठ आहे तो त्यांच्या मातोश्रींचा. म्हणजे कोणाचा? तर ज्यांना आपण ठुमरीची राणी म्हणून मस्तकी धरले, त्या बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू यांचा.

शोभाताईंच्या बैठका ऐकलेले लोक या सभेत असतील. पण म्युनिकच्या एका रॉक मंडळीबरोबर त्या गायल्या होत्या, ही गोष्ट त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक होती? आपल्याच घरच्या इतिहासाचे एक पान दुसऱ्याच्या वहीत लिहिले गेले आणि आपण ते कधी उघडले नाही. आज ते उघडण्याचा विचार आहे. ते वाचताना एक प्रश्न आपल्यापुढे सतत राहील: दोन संगीतांचे मिश्रण केव्हा योग्य म्हणावे आणि केव्हा त्याला भेसळ म्हणावे?

प्रथम या मंडळीच्या जन्मकाळाची परिस्थिती पाहू. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीची शहरे ढिगाऱ्यांत पडली होती. परंतु त्याहून मोठा ढिगारा मनांत होता. त्या सुमारास जन्मलेली पिढी वयात आली तेव्हा तिने वडीलधाऱ्यांना एक अवघड प्रश्न विचारला: तुम्ही त्या बारा वर्षांत काय करीत होता? १९६८ च्या विद्यार्थी-आंदोलनाच्या मुळाशी हाही प्रश्न होता. संगीताच्या बाबतीत या तरुणांची मोठी पंचाईत झाली. आपली जुनी गाणी गावीत, तर ती नाझी राजवटीने संचलनांत वापरून बाटवलेली. घरच्या रेडिओवरची गोड भावगीते ऐकावीत, तर ती काहीच न घडल्यासारखी गात बसलेली. आणि इंग्रज-अमेरिकनांची नक्कल करावी, तर ती शेवटी नक्कलच. म्हणून त्यांपैकी काहींनी आपली वाट आपणच पाडायचे ठरवले. कोलोन येथे 'कॅन', ड्यूसेलडॉर्फला 'क्राफ्टवर्क', बर्लिनला 'टँजरिन ड्रीम' अशा मंडळ्या निघाल्या. इंग्लंडातील वृत्तपत्रांनी या सर्वांना मिळून 'क्राउट-रॉक' असे नाव दिले. 'क्राउट' म्हणजे कोबी. आंबवलेला कोबी खाणारे म्हणून इंग्रज व अमेरिकन शिपाई युद्धात जर्मनांना या शब्दाने हिणवीत. पुढे हे टोपणनावच मानाचे झाले, ही गोष्ट वेगळी.

याच पिढीतला ख्रिस्तियान बुर्कार्ड. जन्म १९४६ चा. बव्हेरिया प्रांताच्या उत्तर टोकाला होफ नावाचे गाव आहे. तेथे लहान वयातच दीटर सेर्फास या मुलाशी त्याची गाठ पडली आणि दोघांनी मिळून वाजवायला सुरुवात केली. बुर्कार्ड ढोल वाजवी आणि 'व्हायब्राफोन' वाजवी. आपल्याकडे काष्ठतरंग असतो ना, तशाच मांडणीच्या, पण धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याला व्हायब्राफोन म्हणतात. तरुण वयात त्याला म्युनिकमध्ये एका थोर वादकाची संगत लाभली. मॅल वॉल्ड्रन हा निग्रो वंशाचा अमेरिकन पियानोवादक, बिली हॉलिडे या विख्यात गायिकेचा अखेरच्या वर्षांतील साथीदार, युरोपात येऊन राहिला होता. त्याच्याबरोबर वाजवता वाजवता बुर्कार्डला जॅझ संगीताचे शिक्षण मिळाले. शिक्षण म्हणजे वर्गातले नव्हे. ज्येष्ठाच्या शेजारी बसून, त्याचा हात कोठे जातो ते पाहून मिळते ते. आपण ज्याला गुरुमुखी विद्या म्हणतो तिच्याशी याचे नाते जवळचे आहे, आणि बुर्कार्डच्या पुढच्या सर्व आयुष्याची किल्ली आमच्या मते येथेच आहे.

१९६९ साली मंडळी उभी राहिली आणि तिने नाव घेतले 'एम्ब्रियो', म्हणजे गर्भ. नावे ठेवताना माणसे फारसा विचार करीत नाहीत; पण हे नाव त्या मंडळीला शोभून दिसले. गर्भाला अजून ठरलेले रूप नसते, आणि या मंडळीचेही रूप पन्नास वर्षांत एकदाही ठरून गेले नाही. चारशेहून अधिक वादक तिच्यातून येऊन गेले असे सांगतात. नाटक कंपनीत नट येतात-जातात, पण नाटक तेच राहते. येथे वादकाबरोबर नाटकही बदले.

पहिली ध्वनिमुद्रिका 'ओपाल' १९७० साली निघाली. ती 'ओर' नावाच्या कंपनीने काढली. 'ओर' म्हणजे कान. पुढच्या वर्षीची 'एम्ब्रियोज् राखे', म्हणजे 'गर्भाचा सूड', ही युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने काढली. १९७३ ची 'श्टाइग आउस', म्हणजे 'उतरून जा', ही 'ब्रेन' कंपनीने, आणि त्याच वर्षीची 'वुई कीप ऑन' ही बी.ए.एस.एफ. या कंपनीने. चार वर्षांत चार कंपन्या! व्यापाऱ्याला माल ओळखीचा लागतो. गेल्या खेपेला खपला तसाच पुढच्या खेपेला हवा असतो. येथे तर दर खेपेला नवा प्रकार: कधी रॉकचा जोर, कधी जॅझचा विस्तार, कधी मोरोक्कोकडचा ताल. अशा मंडळीला कंपन्यांच्या घरात कायमचा बिऱ्हाडपणा लाभणे अवघडच होते.

'वुई कीप ऑन'मध्ये एक नवा पाहुणा आहे, चार्ली मारियानो. हा बोस्टनचा सॅक्सोफोनवादक. जन्म १९२३ चा, म्हणजे मंडळीतल्या पोरांच्या बापाच्या वयाचा. नामांकित जॅझ-वादक असूनही पन्नाशीच्या सुमारास या गृहस्थाला दक्षिणेतील नागस्वरमचा नाद लागला. देवळात, लग्नकार्यात वाजणारे ते लांबलचक सुषिर वाद्य शिकण्यासाठी तो दक्षिण भारतात येऊन राहिला. ज्याच्या नावावर इतकी कीर्ती जमा आहे त्याने पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसावे, ही गोष्ट बोलायला सोपी, करायला कठीण. त्याच्या रूपाने भारतीय संगीत या जर्मन मंडळीच्या दारात आले, ते कोणा दुकानातल्या तबकडीवरून आले नाही. शिकत असलेल्या एका माणसाच्या तोंडून आले.

आता १९७६ सालाकडे वळू. कंपन्यांच्या चालकांशी घासाघीस करून कंटाळलेल्या काही मंडळ्यांनी त्या वर्षी एकत्र येऊन स्वतःचीच कंपनी काढली. आरंभी तिचे नाव 'एप्रिल' होते. पुढे ते बदलून 'श्नेबाल' ठेवले. श्नेबाल म्हणजे बर्फाचा गोळा. उतारावरून सोडला की वाटेत मोठा होत जातो, ही त्यातली आशा. एम्ब्रियोबरोबर तीत 'टोन श्टाइने शेर्बेन', 'मिसेस बीस्टली' आणि 'श्पारिफांकाल' या मंडळ्या होत्या. यातली शेवटची बव्हेरियाच्या गावरान बोलीत गाणारी. आपल्याकडे कोणी वऱ्हाडीत रॉक गावे तशी! ध्वनिमुद्रण आपण करावयाचे, वेष्टन आपण छापावयाचे, विक्री आपण करावयाची आणि मिळकत आपसांत वाटून घ्यावयाची, असा हा कारभार. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी केली, तेव्हा कलावंतानेच मालक व्हावे हीच कल्पना होती. अशा कारभारात कलेला मोकळीक मिळते आणि वहीखात्याची ओढाताण होते, हा अनुभव आपल्याकडे आला तसा तिकडेही आला. श्रीमंत कोणीच झाले नाही. पण काय वाजवावे हे सांगणारा धनी डोक्यावर राहिला नाही.

या मोकळ्या काळातच १९७७ ची 'अपो-कॅलिप्सो' निघाली. नावात श्लेष आहे: 'अपोकॅलिप्स' म्हणजे जगबुडी, आणि 'कॅलिप्सो' म्हणजे वेस्ट इंडीज बेटांतले आनंदी गाणे. जगबुडीच्या तोंडावर नाचून घ्यावे, असा काहीसा भाव. हीच ती तबकडी, जिच्यात त्रिलोक गुर्टू आणि शोभा गुर्टू आहेत.

त्रिलोकचा जन्म मुंबईचा, १९५१ सालचा. तबल्याचे शिक्षण शाह अब्दुल करीम यांच्याकडे. पुढे पाश्चात्त्य ढोलांच्या संचाचीही गोडी लागली. त्यातून त्यांनी स्वतःची अशी एक बैठक सिद्ध केली, जिच्यात ढोलांचा संच, तबला, घंटा, झांजा सर्व एकत्र मांडून जमिनीलगत बसून वाजवायचे. पाण्याच्या बादलीत घंटा बुडवून तिचा सूर वाकवण्याची त्यांची हातोटी पुढे जगभर प्रसिद्ध झाली. पण १९७७ साली ते पंचविशीतले होते, नाव व्हावयाचे होते, आणि त्यांच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत ही एम्ब्रियोची तबकडी मोडते.

आणि त्यांच्या मातोश्री? त्या वेळी बावन्न वर्षांच्या, कीर्तीच्या ऐन भरात. पूर्वाश्रमीच्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका, प्रत्यक्ष अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेल्या. शोभाताईंचे स्वतःचे शिक्षण खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे कोल्हापुरात सुरू झाले. हे घराणे किती कडक, ते सांगायला नको. अनवट राग, वक्र चाली, आणि विद्या सहजासहजी बाहेर न जाऊ देण्याची ख्याती. पुढे घम्मनखाँ यांच्या सहवासात ठुमरी-दादऱ्याचे दालन उघडले आणि त्याच दालनात शोभाताईंनी आपले घर केले. 'पाकीजा', 'फागुन', 'मैं तुलसी तेरे आंगन की' या चित्रपटांतून त्यांचा आवाज हिंदुस्थानभर पोचला. २००२ साली पद्मभूषण मिळाले. २००४ साली त्या निवर्तल्या.

अशी ही गायिका म्युनिकच्या रॉक मंडळीत काय करीत होती? मुलाच्या शेजारी आई गायला बसली, हे एक साधे उत्तर आहे. परंतु आम्हांस आणखी एक उत्तर सुचते. ठुमरी हा प्रकारच मिश्रणाचा आहे. मिश्र पिलू, मिश्र खमाज, मिश्र काफी ही नावेच पाहा. ठुमरी गाणारी बाई एका रागाच्या घरातून निघते, शेजारच्या रागाच्या अंगणात दोन पावले टाकते, तिथला एखादा स्वर ओंजळीत घेते आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात यायच्या आत परत घरी येते. हे जिला जमले तिला ठुमरी जमली. जी बाहेर गेली आणि परत येईना, तिची ठुमरी बिघडली. मिश्रण हा स्वैरपणा नसून ते एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रात शोभाताईंचा हात धरील असा कलावंत त्या काळी क्वचितच होता. म्हणून परक्या वाद्यमेळात उभ्या राहिल्या तरी त्या आपले घर विसरतील अशी भीती बाळगायचे कारण नव्हते. मायलेकांची ही जोडी पुढे १९८८ साली त्रिलोक यांच्या 'उस्फ्रेत' या पहिल्या स्वतंत्र तबकडीवर पुन्हा एकत्र आली.

यानंतरचा प्रसंग या मंडळीच्या इतिहासातला सर्वांत मोठा. १९७८ च्या उत्तरार्धात एम्ब्रियोने आपली वाद्ये आणि बिऱ्हाड मोटारीत भरले आणि म्युनिकहून रस्त्याने हिंदुस्थानकडे प्रयाण केले. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि मग भारत. वाटेत मुक्काम पडेल तेथल्या वादकांना भेटायचे, त्यांचे ऐकायचे, त्यांच्याबरोबर वाजवायचे. काबूलमध्ये त्यांनी अफगाण वादकांबरोबर वाजवलेले चित्रपटात पाहावयास मिळते. कारण या प्रवासाचा एक चित्रपटही झाला: वेर्नर पेंझेल यांचा 'व्हागाबुंडेन काराव्हाने', म्हणजे 'भटक्यांचा तांडा'. प्रवासातले संगीत 'एम्ब्रियोज् राइझे' या दोन तबकड्यांच्या संचात १९७९ साली निघाले.

बंधु-भगिनींनो, या तारखा जरा बारकाईने पाहा. एप्रिल १९७८ मध्ये काबूलला रक्तरंजित सत्तापालट झाला होता. जानेवारी १९७९ मध्ये शहा इराण सोडून गेले. डिसेंबर १९७९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. युरोपातून मोटारीने गाणे गात हिंदुस्थानला यावे असा जो रस्ता होता, तो या मंडळीच्या मागोमाग बंद झाला, आणि पुढे कितीतरी वर्षे बंदच राहिला. अफगाणिस्तानात तर पुढे असे दिवस आले की, वाद्य जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. म्हणून त्या तबकड्या आणि तो चित्रपट म्हणजे केवळ एका मंडळीची प्रवासवही राहिलेली नाही. मावळत्या उजेडात घेतलेले एका रस्त्याचे छायाचित्र तिच्यात जपले गेले आहे. वाजवणाऱ्यांना त्या वेळी याची कल्पना नव्हती. इतिहास बहुधा असाच न कळत लिहिला जातो.

भारतात त्यांचा खरा ऋणानुबंध जुळला तो बंगलोरशी. टी. ए. एस. मणी यांनी १९६४ साली स्थापन केलेली 'कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन' ही तालवाद्यांची संस्था, आणि त्यांच्या पत्नी, गायिका रामामणी. त्यांच्यासह व चार्ली मारियानोसह एम्ब्रियोची 'लाइफ' ही तबकडी १९८० साली निघाली. मोठ्या अक्षरात आपले नाव आणि कोपऱ्यात 'साथ: स्थानिक वादक', असला प्रकार येथे नाही. बंगलोरच्या संस्थेचे नाव वेष्टनावर बरोबरीने आहे. ही गोष्ट बारीक वाटेल, पण आमच्या मते सर्व विवेचनात हिचे वजन मोठे आहे.

१९८१ साली घर फुटले. हिंदुस्थानच्या प्रवासातले काही सोबती बाहेर पडले आणि त्यांनी 'डिसिडेंटेन' ही मंडळी काढली. डिसिडेंटेन म्हणजे मतभेदवाले. त्यांची पहिली तबकडी 'जर्मनीस्तान' बंगलोरच्याच कलावंतांबरोबरची. पण त्यांचे नाव झाले ते १९८४ च्या 'सहारा एलेक्ट्रिक'ने. मोरोक्कोतील वादकांबरोबर केलेले ते संगीत युरोपातल्या नृत्यगृहांत गाजले. जी वाट एम्ब्रियोने पायी तुडवली तीवरून डिसिडेंटेनची गाडी वेगाने गेली, असे कोणी म्हणेल. आम्ही त्यांना दोष देत नाही. त्यांनीही प्रामाणिकपणे काम केले, आणि लोकांना नाचावेसे वाटेल असे संगीत करणे यात कमीपणा काहीच नाही. पण दोन वाटांतला फरक ध्यानात यावा. एकाने सापडलेली गोष्ट घासूनपुसून लोकांपुढे मांडली. दुसरा सापडलेली गोष्ट तेथेच ठेवून पुढच्या शोधाला निघाला. बुर्कार्ड हा दुसऱ्या जातीचा. प्रसिद्धी हवी तर एका जागी थांबावे लागते, आणि थांबणे त्याच्या स्वभावात नव्हते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हे सर्व ठीक आहे. पण शेवटी ही खिचडीच ना? गिटारीपुढे मृदंग बसवला आणि ढोलांपुढे ठुमरी, यात संगीताचा उत्कर्ष कोणता? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशा मिश्रणांपैकी पुष्कळशी वाईट असतात, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. आपल्या स्टेशनाजवळ हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे रूळ एकमेकांस छेदून जातात. गाड्या तेथून रात्रंदिवस धावतात, पण या गाडीचा उतारू त्या गाडीत जात नाही. बहुतेक मिश्रसंगीत असेच असते: दोन संगीते एका ठिकाणी छेदतात, खडखडाट मोठा होतो आणि जो तो आपापल्या वाटेने निघून जातो. उतारू बदलायचा तर गाडी स्टेशनात थांबावी लागते, माणसाने खाली उतरावे लागते, सामान हातात घेऊन फलाटावर वाट पाहावी लागते. एम्ब्रियोच्या संगीतातही काही जागा नुसत्या खडखडाटाच्या आहेत, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. कोठे एकाच आवर्तनात फार वेळ घोटाळणे आहे, कोठे रागाची ओळख वरवरची आहे. परंतु ही माणसे गाडीतून खाली उतरली, हे मात्र नाकारता येत नाही.

आणि शुद्धतेचा अभिमान धरताना आपलीही वही जरा चाळावी. ज्या पेटीवाचून आज आपली मैफल, भजन, कीर्तन काही होत नाही, तो हार्मोनियम पॅरिसचा पाहुणा, एकोणिसाव्या शतकात आलेला. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने त्याला दार बंद ठेवले होते. आज तो पाहुणा आहे हे सांगितले तर पोरांना खरे वाटत नाही. दक्षिणेत व्हायोलिन असेच आले आणि कर्नाटक संगीताचे झाले. ही वाद्ये आपली झाली ती आल्याच्या दिवशी झाली नाहीत. आपल्या गळ्यामागे चालायला ती शिकली, तेव्हा झाली.

याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ज्यांनी धडे गिरवले, त्या डॉ. वसंतराव देशपांडे यांचे नाव सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला आपण अभिमानाने दिले आहे. वसंतराव कोणत्या घराण्याचे? लाहोरला असदअलीखाँ, पुढे सुरेशबाबू माने आणि कितीतरी गुरू. त्यांनी पुष्कळ दारे ठोठावली, पण प्रत्येक दारात पायताण काढून आत गेले. म्हणून त्यांचे गाणे सर्वांचे असूनही कोणाची नक्कल वाटत नाही. आम्ही जी कसोटी सुचवतो ती हीच आहे. मिश्रण करणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. तू त्या घरी शिकायला बसला होतास काय? ज्याच्याकडून घेतलेस त्याचे नाव घेतोस काय? आणि मिळालेल्यात त्याचा वाटा आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर कानाला काय गोड लागते तो ज्याच्या त्याच्या रुचीचा भाग; पण त्या संगीताला भेसळ म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

थोडक्यात शेवट सांगतो. एम्ब्रियो मंडळी पुढेही चालतच राहिली. २००८ साली रुडोलश्टाट येथील संगीतमहोत्सवात तिला जर्मनीचा 'रूथ' हा विश्वसंगीताचा पुरस्कार मिळाला. स्थापनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी! ख्रिस्तियान बुर्कार्ड २०१८ च्या जानेवारीत गेला. त्याआधीच, २०१६ पासून, त्याची मुलगी मार्या हिने मंडळीची धुरा खांद्यावर घेतली होती. ती बापाप्रमाणेच व्हायब्राफोन वाजवते. तिच्या हाताखाली २०२१ साली 'आउफ आउफ' ही तबकडी निघाली, ती मॅडलिब या अमेरिकन संगीतकाराच्या कंपनीने काढली. म्हणजे ज्या वडिलांना एका कंपनीत फार काळ ठरता आले नाही, त्यांच्या मुलीला समुद्रापलीकडून बोलावणे आले. बाप गेला, मुलगी वाजवते आहे. यालाच आपण घराणे म्हणतो. घराणी मोडायला निघालेल्या मंडळीचे शेवटी घराणेच झाले, हा दैवाचा विनोद म्हणावा काय?

आता श्रोत्यांस एक विनंती करून आमचे भाषण संपवतो. म्युनिकच्या या मंडळीचा इतिहास आज सांगता आला, कारण तेथे कोणीतरी तबकड्या जपल्या, चित्रपट घेतला, नावे लिहून ठेवली. आपल्या या शहरात वरातीचे बँड आहेत, आसपासच्या झाडीपट्टीत नाटकांचे वाद्यवृंद आहेत, भजनी मंडळे आहेत. त्यांतल्या वादकांची नावे कोणाच्या वहीत आहेत? कोण कोणाकडे शिकला, कोणी क्लॅरिओनेटवर प्रथम लावणी वाजवली, कोणी पेटीशेजारी पहिल्यांदा विजेचे वाद्य आणून ठेवले, हे विचारायला अजून माणसे हयात आहेत. अप्रसिद्ध म्हणजे क्षुद्र नव्हे. पुष्कळदा अप्रसिद्ध म्हणजे कोणी लिहून न ठेवलेले, एवढेच. या उन्हाळ्यात आपल्यापैकी दहा जणांनी एकेका वृद्ध वादकाच्या घरी जाऊन तास दोन तास बसावे आणि तो सांगेल ते उतरून घ्यावे. पुढच्या वसंतात याच व्यासपीठावर त्यावर व्याख्यान व्हावे. ते ऐकायला आम्ही आनंदाने समोर, श्रोत्यांत येऊन बसू.

आणि घरी गेल्यावर जमल्यास ती १९७७ ची तबकडी अवश्य ऐकावी. आता ती मिळवणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. आधी ढोल-गिटारीच्या गलबल्यात काही कळणार नाही. थोडे थांबावे. त्या गलबल्यातून आपल्या ओळखीचा एक आवाज येईल. आपण त्याला ओळखायला जवळजवळ पन्नास वर्षे उशीर केला, ही कबुली मनातल्या मनात देऊन मग पुढे ऐकावे.